माइल्स की कॅशबॅक? आधी वर्षभराची बिलं काढा

क्रेडिट कार्ड निवडताना, मग ते विमानाच्या तिकिटांसाठी माइल्स म्हणजे पॉइंट देणारं ट्रॅव्हल कार्ड असो की खर्चाचा काही भाग परत देणारं कॅशबॅक कार्ड, बरेच जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी जाहिरात, मग विमानतळावरच्या लाउंजचे फोटो, आणि स्वतःचा खर्च जमलं तर शेवटी. आधी बँकेच्या ॲपमधून गेल्या बारा महिन्यांची कार्डाची बिलं डाउनलोड करा. सोबत बचत खात्याचं स्टेटमेंटही घ्या, कारण भाजी, किराणा, रिक्षा हे सगळं आता यूपीआयने जातं आणि कार्डाच्या बिलात ते दिसतच नाही. दोन्ही एक्सेलमध्ये टाका आणि प्रत्येक खर्चापुढे तो कशाचा आहे ते लिहा. एक संध्याकाळ जाईल, पण पुढचं सगळं त्या रकान्यावर ठरतं.

कारण बँक दुकानाची पाटी वाचत नाही, कोड वाचते. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड, म्हणजे एमसीसी, मिळालेला असतो. किराणा-सुपरमार्केट ५४११, हॉटेलातलं जेवण ५८१२, पेट्रोल पंप ५५४१, वीज-पाणी-गॅस ४९००, विमा ६३००, घरभाडं ६५१३, वॉलेट भरणं ६५४०. बहुतेक कार्डांवर शेवटचे पाच प्रकार बक्षिसातून वगळलेले असतात किंवा त्यांना नावापुरतं काहीतरी मिळतं. शाळेची फी आणि सोनं यांचंही अनेक ठिकाणी तेच. गोंधळ होतो तो इथे: हॉस्पिटलच्या आवारातल्या औषधाच्या दुकानाचं मशीन हॉस्पिटलच्या कोडवर असू शकतं, आणि सोसायटीचा मेंटेनन्स एखाद्या ॲपमधून भरला की तो बँकेला घरभाडं म्हणून दिसू शकतो. मग कॅशबॅक नाहीच, वर बँकेचं १ टक्का शुल्क आणि ॲपचं वेगळं. मोठी रक्कम भरायच्या आधी शंभर-दोनशे रुपयांचा एक व्यवहार करून बघा आणि पुढच्या बिलात त्यावर काय जमा झालं ते तपासा.

आता एक घर घेऊ. पुण्यातलं चौघांचं, महिन्याचा खर्च ६०,००० रुपये. ऑनलाइन खरेदी, औषधं, जेवणाच्या ऑर्डरी मिळून १८,०००. दुकानात आणि हॉटेलात कार्ड घासून १२,०००. पेट्रोल ६,०००, वीज-मोबाइल-गॅस ५,०००, शाळा ७,०००, विम्याचे हप्ते महिन्यावर वाटून ४,०००, मेंटेनन्स आणि इतर ८,०००. साठातले तीस हजार इथेच गळाले. जाहिरातीतली टक्केवारी लागू होते ती उरलेल्या तिसावर.

कॅशबॅक कार्ड धरू ऑनलाइन ५ टक्के आणि बाकी १ टक्का देणारं. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड २०२२ साली आलं ते याच मापाचं, ९९९ रुपये फी आणि वर्षाला दोन लाख खर्च केला की ती माफ. हिशेब सोपा: १८,००० चे ९०० आणि १२,००० चे १२०. महिन्याला १,०२० रुपये, वर्षाला १२,२४०. फी माफ.

ट्रॅव्हल कार्ड धरू ५,००० रुपये फीचं, जीएसटीसह ५,९००. दर १०० रुपयांना २ माइल्स, विमानाचं तिकीट थेट कंपनीकडून काढलं तर ५. ॲक्सिस ॲटलस साधारण याच घडणीचं. महिन्याच्या त्याच तीस हजारांचे वर्षाला ३ लाख ६० हजार होतात, त्यावर ७,२०० माइल्स. या घराने वर्षात एक लाखाची विमानाची तिकिटं काढली तर आणखी ५,०००. एकूण १२,२००. एक माइल एक रुपयाला धरला आणि फी वजा केली, तर हातात राहतात ६,३००.

पण तीच एक लाखाची तिकिटं कॅशबॅक कार्डावर ऑनलाइन काढली असती तर त्यावर आणखी ५,००० मिळाले असते, म्हणजे एकूण १७,२४०. (तिकिटं तीन-चार खेपांत काढलेली धरली आहेत. एकाच महिन्यात काढली तर मासिक मर्यादेला धडकतील.) बरोबरी साधायला ट्रॅव्हल कार्डाच्या १२,२०० माइल्समधून १७,२४० अधिक ५,९००, म्हणजे २३,१४० रुपये निघायला हवेत. एका माइलमागे १ रुपया ९० पैसे. म्हणून कुठलंही ट्रॅव्हल कार्ड घेण्याआधी आपल्या घराचा हा आकडा काढायचा, आणि मग विचारायचं की इतका भाव आपल्याला खरोखर मिळेल का.

बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर तिकीट काढून तो सहसा मिळत नाही. तिथे भाव आधीच ठरलेला असतो, कार्डानुसार एका पॉइंटला २० पैसे, ५० पैसे, फार तर एक रुपया. त्याच पॉइंटचं वस्तूंचं व्हाउचर घेतलं किंवा ते बिलात वळते केले तर अनेकदा त्याहून कमी. वर काही बँका प्रत्येक वेळी ९९ रुपये आणि जीएसटी असं रिडेम्पशन शुल्क लावतात. दीड-दोन रुपये निघतात ते पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवून, आणि तेही १ चे २, म्हणजे कार्डाच्या एका पॉइंटचे विमान कंपनीचे दोन माइल्स, असा दर असला तर.

ते जमतंय का हे तपासायचं असं. समजा दिल्लीच्या तिकिटाची किंमत ७,८०० आहे. तेच तिकीट १०,००० माइल्स आणि १,४०० रुपये करात मिळतंय. ७,८०० वजा १,४०० म्हणजे ६,४००, त्याला १०,००० ने भागलं की एका माइलचे ६४ पैसे. १ चे २ असा दर असेल तर कार्डाच्या एका माइलला १ रुपया २८ पैसे. आपल्या पुण्याच्या घराला हा सौदा परवडत नाही.

इथे बिझनेस क्लासवाले युक्तिवाद करतात: अडीच लाखांचं तिकीट ५०,००० माइल्समध्ये मिळालं, म्हणजे माइलला पाच रुपये! ते तिकीट तुम्ही खिशातून अडीच लाख मोजून काढलं असतं का? नसतं, तर तुलना तुम्ही एरवी काढलं असतं त्या इकॉनॉमीच्या तिकिटाशी करा. फरकाची रक्कम हौसेची. हौस करायला हरकत नाही, पण ती बचतीच्या रकान्यात लिहू नये.

माइल्सवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात. एकटा माणूस, तारखा सैल, मंगळवारी निघाला तरी चालेल, अशाला त्या सापडतात. शाळेच्या सुट्टीत, दिवाळीत किंवा मे महिन्यात एकाच विमानात चार जागा शोधणाऱ्या कुटुंबाला क्वचित. म्हणून क्रम पाळा: आधी विमान कंपनीच्या साइटवर जागा दिसतेय का बघा, मगच पॉइंट वळवा. वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. काही कंपन्यांकडे ते पोचायला दिवस लागतात, तोवर जागा गेलेली असते. दोन्हीकडे नाव अक्षरशः सारखं असायला हवं. बँकेत वडिलांच्या नावासकट आणि तिकडे त्याशिवाय, एवढ्यावरही ट्रान्सफर अडकते.

साठवून ठेवण्याचा धोका वेगळाच. पॉइंट हे असं चलन आहे की ज्याचा छापखाना आणि रिझर्व्ह बँक दोन्ही एकाच्याच हातात. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲक्सिस मॅग्नस कार्डाचा ट्रान्सफरचा दर ५ चे ४ वरून ५ चे २ वर आला. पॉइंट तेवढेच राहिले, किंमत अर्धी झाली. कॅशबॅकच्या अटीही बदलतात, पण बिलात जमा झालेला रुपया मागे जाऊन पन्नास पैसे होत नाही.

लाउंजबद्दल थोडक्यात. २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर आधीच्या तीन महिन्यांच्या खर्चाची अट आली, काही ॲक्सिस कार्डांवर ५०,०००, आयसीआयसीआयच्या अनेक कार्डांवर ७५,०००. वर्षाला दोन विमानप्रवास करणाऱ्याने लाउंजची किंमत तिथल्या इडली-चहाला आपण एरवी जेवढे पैसे दिले असते तेवढीच धरावी. आणि ज्याचा वर्षाचा मोठा प्रवास म्हणजे गणपती-शिमग्याला कोकण रेल्वे किंवा एसटी, त्याने या फंदात पडूच नये. रेल्वेचं तिकीट काही कार्डांवर वगळलेलंच असतं.

कॅशबॅकमध्येही खोड्या आहेत. पहिली, मासिक मर्यादा. एचडीएफसी मिलेनियावर ५ टक्क्यांच्या गटाला महिन्याला १,००० ची मर्यादा, म्हणजे २०,००० नंतर त्या ५ टक्क्यांना अर्थ नाही. टीव्ही-फ्रिज घेताना हे आठवावं. दुसरी, कॅशबॅक कुठे जमा होतो? ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाचा ॲमेझॉन पे बॅलन्समध्ये येतो, बँक खात्यात नाही. काही कार्डांवर तो पॉइंटच्या रूपात पडून राहतो आणि ॲपमध्ये जाऊन हाताने बिलात घ्यावा लागतो. आळस केला की मुदत संपते. तिसरी, ‘दर १५० रुपयांना’ असं लिहिलेलं असेल तर २९० च्या खरेदीवर १५० चेच पॉइंट मिळतात. आणि ईएमआयवर घेतलेल्या वस्तूला बहुधा काहीच नाही.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे क्यूआर स्कॅन करून कार्ड वापरायचं असेल तर रुपे कार्ड लागतं, आणि त्याचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. वैयक्तिक खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. कार्ड घेण्याआधी यूपीआयच्या खर्चाला बक्षीस आहे का तेही वाचा, कारण काहींनी ते वगळलंय.

मुलगी जर्मनीत किंवा मुलगा अमेरिकेत, दरवर्षी जाणं होतं, अशा घरांचा हिशेब मात्र वेगळा. नेहमीच्या कार्डावर परकीय चलनाचा ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये, म्हणजे १ टक्का कॅशबॅक तिथे चेष्टाच. अशांनी शून्य किंवा कमी मार्कअपचं एक कार्ड वेगळं ठेवावं. तिकडच्या दुकानात मशीनने ‘रुपयांत घेऊ का?’ विचारलं तर नाही म्हणायचं आणि स्थानिक चलनच निवडायचं. रुपयांचा दर दुकानाच्या बाजूचा असतो, तो महाग पडतो, आणि काही बँका त्यावरही शुल्क लावतात.

हे सगळं बिल पूर्ण भरणाऱ्यांसाठी. व्याजदर महिन्याला ३.७५ टक्के धरला तर ४०,००० थकल्यावर १,५०० व्याज आणि २७० जीएसटी. वरच्या घराची महिन्याची १,०२० ची कमाई एका फटक्यात गेली. त्यातून नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. जे किमान देय रकमेवर चालवतात त्यांनी दोन्ही कार्डांचा विचार सोडून आधी थकबाकी फेडावी.

ट्रॅव्हल कार्ड घेतलंच असेल तर फी लागण्याच्या महिनाभर आधी वरचाच हिशेब पुन्हा मांडा. भाव जमत नसेल तर बँकेला फोन करून फी माफी मागा. खर्च बरा असेल तर काही वेळा मिळते. नाही मिळाली तर आधी पॉइंट वापरून घ्या, बिल शून्य करा आणि बंद करण्याची विनंती लेखी पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर कार्ड सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने तुम्हाला ५०० रुपये द्यायचे असतात. ईमेलची तारीख जपून ठेवा.