घरात कुणी वकील नसताना

“आमच्या घरात कुणी वकील नाही, इंग्रजी बेताचे आहे, ओळखीपाळखी नाहीत, मग आमच्या मुलीला कोर्टात सामावून घेतील का?” विधी महाविद्यालयांत बोलायला गेले की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कधी विद्यार्थिनी विचारते, कधी तिचे वडील, आणि विचारणाऱ्यांना धीराचे दोन शब्द अपेक्षित असतात. ते मी देतेही; पण जिल्हा न्यायालयात इतकी वर्षे वकिली केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या व्यवसायात कोण टिकेल आणि कोण गळेल याचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत, सीनियरच्या ऑफिसात लागतो, आणि त्यात बुद्धीपेक्षा पैशाचा व मिळणाऱ्या कामाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे वकिलीतले वैविध्य, समावेशकता आणि सौजन्य यांविषयीच्या परिसंवादांत मी आधी हेच विचारते की, तुमच्या ज्युनियरला दरमहा काय मिळते.

कायद्याने दार कधीच उघडले आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, तरी भारतात स्त्रियांना वकिली करण्याचा निर्विवाद हक्क मिळायला १९२३ चा स्वतंत्र कायदा व्हावा लागला, आणि त्यानंतर मिथन टाटा मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला वकील झाल्या. आज कायद्याच्या कुठल्याही वर्गात मुली भरपूर दिसतात. त्यांतल्या किती जणी दहा वर्षांनी तालुक्याच्या बाररूममध्ये दिसतात, हे मात्र एकदा जाऊन पाहावे.

पैशाचा प्रश्न सनदेपासूनच, म्हणजे वकिलीच्या परवान्यापासूनच, सुरू होतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे नोंदणीची फी ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात मात्र वेगवेगळ्या नावांखाली राज्यांच्या बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्था, हजारो रुपये घेत होत्या, आणि काही राज्यांत हा आकडा चाळीस हजारांच्या वर गेला होता. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा वसुली बेकायदा ठरवली. ज्यांच्या घरात सनदेच्या खर्चाचा विचारही कुणाला करावा लागला नाही, त्यांना हा निकाल किरकोळ वाटला असेल. ज्यांना तो किरकोळ वाटतो, त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वकिलीची सुरुवात आठवावी. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला १९२३ साली मुंबईत सनदेसाठी नवल भथेना या पारशी मित्राची मदत घ्यावी लागली. आणि सनद मिळाल्यावरही उच्च न्यायालयातली कामे सॉलिसिटरांमार्फत (पक्षकार आणि बॅरिस्टर यांच्या मधल्या वकिलांमार्फत) येत असल्यामुळे व सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे देत नसल्यामुळे, त्यांना जिल्ह्यांतल्या कोर्टांतली कामे घ्यावी लागली आणि बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवून संसार चालवावा लागला. विद्वत्तेत कुणाहून कमी नसलेल्या माणसाची ही कथा असेल, तर गुणवान माणूस आपोआप वर येतोच, हे आमच्या व्यवसायातले लाडके वाक्य फार जपून उच्चारायला हवे.

सनदेनंतर येते ती ज्युनियरशिप, म्हणजे सीनियर वकिलाच्या हाताखालची उमेदवारी. भारतीय विधिज्ञ परिषदेने (बार कौन्सिल ऑफ इंडियाने) ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियरला शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये दरमहा द्यावेत असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. आणि तालुक्याच्या ठिकाणी असे अनेक सीनियर आहेत ज्यांची स्वतःची मिळकत इतकी रक्कम देण्याएवढी नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण ज्यांची आहे त्यांच्यातही “आम्ही काम शिकवतो, तीच फी” असे म्हणण्याची प्रथा जुनी आहे. याचा परिणाम सरळ आहे. ज्याच्या वडिलांचे ऑफिस आहे किंवा ज्याचे घर त्याला आणखी तीन वर्षे पोसू शकते, तो थांबतो. जिला खोलीचे भाडे भरायचे आहे आणि धाकट्या भावाची फीही द्यायची आहे, ती दुसऱ्या वर्षी बँकेत किंवा एखाद्या कंपनीत नोकरी धरते. मग आम्ही म्हणतो की मुली टिकत नाहीत.

पैशाइतकीच महत्त्वाची असते ती कामाची वाटणी, आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. मुदतीचे अर्ज, पर्सिस (कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन), नकलांसाठीच्या खेपा ही कामे प्रत्येक नवख्याच्या वाट्याला येतातच, आणि यावीतही, कारण कार्यालयाची आतली वाट त्यातूनच कळते. प्रश्न तिसऱ्या वर्षाचा आहे. एका ज्युनियरला साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली जाते आणि दुसरीला अजूनही पोटगीचे अर्ज लिहायला बसवले जाते, कारण “बायकांची प्रकरणे बाईला बरी समजतात”. जमिनीचे दावे, व्यापारी तंटे, खुनाचे खटले यांत पैसा आणि नाव दोन्ही असते. ते कुणाला मिळतात हे पाहिले की वाटणी स्पष्ट होते. आडनाव सांगितल्यावर पुढे विचारले जाणारे “मूळचे कुठले तुम्ही?” हेही दर वेळी निरागस कुतूहल नसते, आणि ज्यांना ते वारंवार विचारले जाते त्यांना तो फरक नेमका कळतो.

इंग्रजीविषयीची भीती मात्र मी थोडी कमी करू शकते. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठीतून कामकाज करता येते, आणि साक्षीदाराला त्याच्या बोलीत नेमका प्रश्न विचारता येणे हे उलटतपासणीतले मोठे बळ आहे, जे महागड्या शाळेत शिकवले जात नाही. उच्च न्यायालयात इंग्रजी लागते. ते शिकता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या ज्युनियरला अपिलाच्या कामासाठी मुंबईत खोली घेण्याची गरज उरली नाही. या बेंचकडे लोक पक्षकारांच्या सोयीच्या दृष्टीने पाहतात. मला त्यात मुंबईत राहणे न परवडणारे वकीलही दिसतात.

इमारतींची गोष्ट थोडक्यात सांगते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला देशातल्या सर्व न्यायालयांत पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश द्यावे लागले, यावरून काय ते समजावे. त्याच वर्षी मार्च महिन्यात दृष्टिहीन व्यक्ती न्यायाधीश होऊ शकतात, असेही त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. पण आम्ही वकील अजूनही तिरप्या झेरॉक्सचे फोटो काढून पीडीएफ म्हणून दाखल करतो, जे संगणकाला वाचून दाखवता येत नाहीत. हे सुधारायला कुणाच्याही आदेशाची गरज नाही.

तक्रारीची बाजू जास्त अवघड आहे. बार कौन्सिल ही वकिलांची मालक नसल्यामुळे, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे वकिलांच्या तक्रारींसाठी तिने समिती नेमलीच पाहिजे असे नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली तक्रार करण्याचा मार्ग त्यात दाखवला आहे. निर्णयाचा तर्क मला समजतो, पण आपल्याच बारच्या मंडळींपुढे ज्येष्ठाविरुद्ध उभे राहणे नवख्या मुलीला किती जड जाईल, याची कल्पना करावी. त्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत मोबदल्याशिवाय काम करणारे आणि प्रशिक्षणार्थीही येतात. म्हणून माझ्या मते, दहाहून कमी माणसांच्या ऑफिसातली ज्युनियर याच कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार घेऊन जाऊ शकते. हे कॉलेजातच सांगितले गेले पाहिजे.

राहता राहिले सौजन्य. वकिलीत सौजन्य म्हणजे मवाळपणा, असा समज आहे, आणि पक्षकारालाही आपला वकील समोरच्यावर ओरडला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. माझे म्हणणे वेगळे आहे. पक्षकाराच्या हिताला धक्का न लावता करता येण्यासारखे पुष्कळ असते: समोरची वकील बाळंतपणानंतर पुन्हा कामावर आली असेल तर तिला सोयीच्या तारखेला संमती देणे, हरकत कडकपणे घ्यावी, पण समोरच्या ज्युनियरच्या इंग्रजीवर न हसता घ्यावी, लेखी युक्तिवाद ज्याने रात्रभर बसून तयार केला त्याचे नाव न्यायाधीशांसमोर घेणे, आणि पक्षकार ऑफिसात आला की “ही आमची असिस्टंट” असे न म्हणता “या ॲडव्होकेट अमुक, तुमचे प्रकरण यांनी वाचले आहे” असे म्हणणे. या शेवटच्या वाक्याला काही खर्च येत नाही, आणि तीन वर्षांनी तो पक्षकार पुढचे काम घेऊन थेट तिच्याकडे जाऊ शकतो. कदाचित म्हणूनच ते फारसे ऐकू येत नसावे.

तेव्हा, तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: मुलीला वकिली जरूर करू द्या. ऑफिस निवडताना मात्र सीनियरचे नाव किती मोठे आहे यापेक्षा त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या ज्युनियरांना भेटा, आणि त्यांत पहिल्या पिढीचे वकील किती आहेत व ते आज काय करतात, हे विचारा. दरमहा किती मिळणार, कोर्टात बोलायला कधी मिळणार आणि स्वतःची कामे घेता येतील का, हे तीन प्रश्न तिने पहिल्याच भेटीत स्वतः विचारावेत. वडिलांनी बाहेर थांबावे. सनद मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, ती लांबणीवर टाकू नये. आणि पुढे अनुभवाची अट पूर्ण झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करावा: फी थोडी असते, पण प्रकरण तिचे स्वतःचे असते आणि उलटतपासणीही तिलाच करावी लागते.