डँक्वांचा चौक, डँक्वांचा तुरुंग

घानाच्या राजधानीत, आक्रात, नुसतं 'सर्कल' म्हटलं की टॅक्सीवाला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या चौकात नेऊन सोडतो. त्यांचे आधी सहकारी, मग विरोधक झालेले वकील-पुढारी जे. बी. डँक्वा यांच्या चौकात जायचं तर नाव घेऊन सांगावं लागतं. ओसू भागातल्या त्या चौकात त्यांचा पुतळा आहे, पण भोवतीची रहदारी अशी की लांबूनच नमस्कार करून मी हाय स्ट्रीट गाठला. मला सुप्रीम कोर्ट बघायचं होतं. काळे डगले आणि पांढरे टोप घातलेले वकील भर उन्हात पायऱ्यांवर उभे होते. इंग्रज गेले, टोप राहिले.

डँक्वांचा जन्म १८९५ चा, क्वाहू डोंगरातल्या बेपाँगचा. आधी एका वकिलाकडे आणि मग याच कोर्टाच्या दप्तरात त्यांनी कारकुनी केली. थोरले सावत्र भाऊ ओफोरी अट्टा हे अकिम अबुआक्वा या संस्थानाचे राजे. त्यांनी १९२१ मध्ये डँक्वांना लंडनला धाडलं. प्रवेशपरीक्षेत आधी गचके खाल्ले, पण पुढे बॅरिस्टर झाले आणि १९२७ मध्ये नीतिशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली.

परत येऊन वकिली जमवता जमवता १९३१ मध्ये त्यांनी 'वेस्ट आफ्रिका टाइम्स' हे दैनिक काढलं. त्यात बायकांसाठी एक सदर असे, 'मार्जरी मेन्सा' या नावाने. ते खटकेबाज सदर लिहिणाऱ्या मेबल डव्ह यांच्याशी संपादकांनी १९३३ मध्ये लग्न केलं! लग्न पुढे मोडलं. मेबलबाई नंतर एन्क्रुमांच्या पक्षाच्या दैनिकाच्या संपादक झाल्या आणि १९५४ मध्ये त्याच पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आल्या, गोल्ड कोस्टमध्ये (घानाचं इंग्रजी अमदानीतलं नाव) निवडून आलेल्या पहिल्या स्त्री म्हणून. त्याच निवडणुकीत डँक्वा हरले, आणि तेही पुतण्याकडून. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा आवरा.

एन्क्रुमांना देशात परत बोलावलं होतं ते डँक्वांच्याच पक्षाने. ४ ऑगस्ट १९४७ ला सॉल्टपाँडला तो पक्ष, यूजीसीसी म्हणजे 'युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन', स्थापन झाली, तिला पूर्णवेळ सरचिटणीस हवा होता. पुढच्या फेब्रुवारीत, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले सैनिक पेन्शनचं गाऱ्हाणं घेऊन गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, शहर पेटलं आणि सरकारने सहा पुढाऱ्यांना उचललं. डँक्वा आणि एन्क्रुमा तेव्हा एकाच बाजूला होते. पुढच्याच वर्षी एन्क्रुमांनी वेगळी चूल मांडली, आणि गर्दी त्यांच्यामागे गेली. मला वाटतं डँक्वांना मुद्दा मांडता येत असे, सभा मारता येत नसे. देशाला प्राचीन घानाचं नाव द्यावं हा आग्रह मात्र त्यांचाच, आणि तो टिकला.

१९६० मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक ते एन्क्रुमांविरुद्ध लढले आणि सपशेल पडले. पण त्यांची खरी लढाई मला दिसते ती १९६१ च्या अकोटो खटल्यात. १९५८ चा स्थानबद्धता कायदा असा की चौकशीशिवाय पाच वर्षं आत. आठ स्थानबद्धांची बाजू घेऊन डँक्वा उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता: पद घेताना राष्ट्राध्यक्ष घटनेनुसार नागरिकांच्या स्वातंत्र्याची ग्वाही देतात, मग हा कायदा कसा चालेल? कोर्ट म्हणालं, ती ग्वाही नैतिक आहे, कायदेशीर बंधन नव्हे. जनतेला ती मोडलेली वाटली तर तिने मतपेटीकडे जावं. ऑक्टोबरमध्ये त्याच कायद्याखाली डँक्वा स्वतः आत गेले. १९६२ मध्ये सुटले, जानेवारी १९६४ मध्ये पुन्हा धरले गेले.

तो तुरुंग न्सावामचा. आक्राहून कुमासीच्या रस्त्याला ट्रोट्रोने, म्हणजे वडापच्या मिनीबसने, निघालं की हे गाव लागतं. गाडी जरा मंदावली की डोक्यावर पावांची परात घेतलेल्या बायका खिडकीशी धावतात. न्सावामचा पाव प्रसिद्धच आहे. लांबट, किंचित गोडसर, पिशवीत अजून वाफ धरलेला. मीही घेतला. तुरुंग अजून चालू आहे, त्यामुळे फोटोबिटो काही नाही. आतून डँक्वांनी एन्क्रुमांना सुटकेसाठी पत्रं लिहिली. उपयोग झाला नाही. ४ फेब्रुवारी १९६५ ला, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ते इथेच हृदयविकाराने गेले.

पुढे क्येबीला गेले, ओफोरी अट्टांच्या गादीच्या गावी. बिरिम नदी सोन्याच्या चोरट्या खाणींमुळे चहासारखी झाली आहे. राजांच्या मृत्यूनंतर १९४४ मध्ये इथे एका सरदाराचा खून झाला आणि राजघराण्यातल्या आठ जणांवर खटला चालला. त्यांच्यासाठी डँक्वा अपिलांमागून अपिलं करत राहिले. तिघे तरी फासावर गेलेच. गावात कुणी स्वतःहून त्या विषयावर येत नाही, मीही उकरलं नाही.

परतीच्या गाडीत मेटला, म्हणजे कंडक्टरला, दहा सेडींची नोट दिली. त्या नोटेवर ते सहाही पुढारी आहेत, डँक्वा आणि एन्क्रुमा दोघेही. शेजारच्या काकांना मी विचारलं, यातला खरा संस्थापक कोण? ते 'एन्क्रुमा' म्हणाले आणि मागच्या बाकावरून लगेच 'सहाही!' आलं. २०१९ मध्ये सरकारने संस्थापक दिन ४ ऑगस्टला, म्हणजे डँक्वांच्या पक्षाच्या तारखेला नेला. पुढचं सरकार आलं आणि तो पुन्हा २१ सप्टेंबरला, एन्क्रुमांच्या वाढदिवशी गेला. त्यावर गाडीत जी जुंपली ती थेट आक्रापर्यंत. मेट तेवढा तटस्थ होता. त्याचं म्हणणं, सुट्टी दोन्ही दिवशी द्या.