गौरवानंतरचे काम

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे असे पत्र आले, तेव्हा विषयासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. 1988च्या मार्चमध्ये मी या शाळेतून दहावी झाले. त्या वर्षी शाळेने आम्हा गुणवंतांचा जो सत्कार केला आणि सत्कारानंतर आमच्यासाठी जे काम केले, त्याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे असे मला मनापासून वाटत आले आहे.

गुणगौरव समारंभ जूनच्या अखेरीस, निकाल लागून थोडे दिवस झाले की होत असे. त्या काळी बोर्डाची गुणवत्ता यादी जाहीर होई आणि मुंबई-ठाण्याच्या मोठ्या शाळांतील मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकत. रायगडच्या पायथ्याच्या गावांतून चालत किंवा एस.टी.ने येणाऱ्या आमच्यासारख्या मुलांचे नाव त्या यादीत येण्याची शक्यता कमीच होती. पण शाळेच्या सभागृहात, पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाच्या आवाजात आपले नाव पुकारले जाणे आम्हाला त्याहून लहान वाटत नव्हते. प्रमाणपत्र आणि एक शब्दकोश हातात पडे. मग प्रत्येकाने माइकपाशी उभे राहून पुढे काय करायचे ठरवले आहे, ते सांगायचे. डॉक्टर, इंजिनिअर ही उत्तरे तेव्हाही होतीच. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने मात्र डी.एड. करून लवकर नोकरीला लागायचे आहे, कारण पाठीमागे तीन भावंडे आहेत, असे स्पष्ट सांगितले. एकाने आय.टी.आय.चे नाव घेतले. मी रसायनशास्त्र म्हणाले.

मुलांची ही उत्तरे त्या टाळ्यांबरोबर विरून जात नसत, याचे कारण म्हणजे हेडसरांची वही. लाल कापडी पाठीच्या त्या लांबट वहीत त्यांनी स्वतः रकाने आखलेले होते: नाव, टक्के, पुढील शिक्षणाचा विचार, घरची अडचण, आणि शेवटचा रकाना ‘शाळेने काय करावयाचे’. हा शेवटचा रकाना मी कार्यालयात वाकून पाहिला होता. डी.एड.वालीच्या नावापुढे ‘उत्पन्नाचा दाखला; वसतिगृहास पत्र’ असे लिहिले होते, तर आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलापुढे ‘वडिलांस भेटणे’. टक्के जास्त म्हणून कोणाची नोंद मोठी आणि कमी म्हणून त्रोटक, असा भेद त्या वहीत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात माझ्या वडिलांना बोलावणे आले. आमची जेमतेम भातशेती, तीही एकपिकी. बारावीपर्यंत मुलींना फी माफ होती, त्यामुळे प्रश्न फीचा नव्हता. महाडच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक संपवून संध्याकाळची एस.टी. मिळेल का आणि सावित्री नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला तर मुलीने कुठे राहायचे, या दोन प्रश्नांवर माझे सारे शिक्षण अडलेले होते. हेडसरांनी ‘मुलगी हुशार आहे, शिकवा’ असे एका शब्दानेही म्हटले नाही. त्यांनी वडिलांबरोबर बसून गाड्यांच्या वेळा कागदावर मांडल्या आणि संस्कृतच्या बाईंना आत बोलावले. बाई महाडातच राहत. ‘पावसाचे दोन महिने ती माझ्याकडे राहील, माझ्या मुलींबरोबर जेवेल,’ एवढेच त्या म्हणाल्या. वडील काही न बोलता उठले आणि त्यांनी दोघांना नमस्कार केला. पुढे मी एम.एस्सी. झाले आणि माझी सगळी नोकरी औषधांच्या गुणवत्ता तपासणीत झाली. त्या सर्वाचा पाया त्या दुपारी घातला गेला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इतिहासाचे सर आम्हाला या संदर्भात एक हकिगत नेहमी सांगत, आणि महाडच्या शाळेत ती सांगितली जाणे फार योग्य होते. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण 750 पैकी 282. आजच्या हिशेबाने कोणी पाठ थोपटणार नाही. पण अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा पार करणे केवढे आहे, हे जाणणाऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. अध्यक्षस्थानी समाजसुधारक सीताराम केशव बोले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या वेळी भेट दिले. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते. हा सत्कार सर्वांना ठाऊक असतो. सरांचा भर मात्र त्यापुढच्या भागावर असे. महाविद्यालयातील इंटरच्या परीक्षेनंतर वडिलांना खर्च झेपेना, तेव्हा याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात ते गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. आणि 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मांडणारे तेच बोले. त्याच ठरावाच्या आधारावर 1927चा आपल्या महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह उभा राहिला. पुस्तक भेट देणे मोठेच. परंतु विद्यार्थ्याला घेऊन दात्याच्या दारापर्यंत जाणे मला अधिक मोठे वाटते.

आपल्या महाडजवळच्या ‘नाते’ या गावचे सी. डी. देशमुख 1912च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, हेही आम्हाला अभिमानाने सांगितले जाई. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते उदाहरण तेजस्वी आहेच, पण शिक्षकाने काय करावे हे शिकवणारे उदाहरण केळुसकरांचे.

गेल्या वर्षीच्या गुणगौरवाला मला बोलावले होते. मुलामुलींची उत्तरे ऐकून फार आनंद झाला: नीटची तयारी, कृषी पदविका, पोलीस भरती, नर्सिंग, आणि एका मुलीला तर महाडच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर काम करायचे आहे. आमच्या वेळी नसलेल्या सवलतीही आता आहेत. आठवीत एन.एम.एम.एस. या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. 2024-25पासून, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक व सामाजिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अकरावीचे प्रवेशही आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तरी शुल्क माफ झाले म्हणून खोलीभाडे, खाणावळ आणि एस.टी.चा खर्च सुटत नाही. पसंतीक्रम भरताना चूक झाली तर घरापासून लांबचे महाविद्यालय पदरी येते आणि मुलगी असेल तर बहुधा शिक्षण तिथेच थांबते. ज्या घरात आधी कोणी अकरावीला गेलेले नाही, त्या घराला हे सांगायला माणूस लागतो.

म्हणून अमृतमहोत्सव समितीला माझी विनंती आहे की, जमणाऱ्या निधीतून नव्या कमानीइतकाच, शक्य तर थोडा अधिक, भाग दहावीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवण्यासाठी बाजूला ठेवावा आणि हेडसरांची ती वही पुन्हा सुरू करावी. मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांची, कोणत्या शाखेच्या मुलांना ते मार्गदर्शन करतील याची यादी कार्यालयात असावी. विज्ञान शाखेसाठी मी माझे नाव व दूरध्वनी क्रमांक कार्यालयात देऊन ठेवला आहे. यंदा निकाल लागल्यानंतरचा आठवडा मी महाडला राहणार असून अर्ज भरण्यासाठी रोज सकाळी शाळेत येईन.