तेच तेच गाणं

"तेच तेच गाणं काय ऐकून राहिल्या ताई?" सकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. दहा गाण्यांचा अल्बम, पाऊण तासाच्या आत संपणारा. मग मी एकेका गाण्याशी इतके दिवस का थांबते? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

अल्बम आहे जोनी मिचेलचा 'ब्लू', १९७१ सालचा. कॅनडाची ही गायिका गाणं स्वतः लिहिते, चाल स्वतः बांधते, गाते आणि वाजवतेही. आपल्या भावगीतात ही कामं वाटलेली असतात. 'तरुण आहे रात्र अजुनी' सुरेश भटांचं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशाबाईंचा. त्यामुळे शब्दांना वेगळी दाद देता येते, चालीला वेगळी. 'ब्लू'ची निर्मितीसुद्धा तिचीच. कुठल्या शब्दांना कुठलं वाद्य द्यायचं, हाही तिच्या लिहिण्याचाच भाग झाला. तो एका ऐकण्यात हाती लागत नाही.

दहांतली चार गाणी डल्सिमरवर आहेत, चार पियानोवर, दोन गिटारवर. डल्सिमर म्हणजे मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य, अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातलं. १९७०मध्ये ती युरोपात भटकत होती तेव्हा ते तिच्यासोबत होतं. क्रीट बेटावरच्या मुक्कामातून 'केरी' आलं. आफ्रिकेकडून वारा सुटलाय, झोप लागत नाही, नखांत मळ, पायांना किनाऱ्यावरचं डांबर. मजा चाललीय खरी, पण स्वच्छ पांढऱ्या चादरींची आठवणही येतेय. मे महिन्यात नागपुरात रात्री उशिरापर्यंत झळा लागतात, त्या अंगावर घेतलेल्या माणसाला हा वारा समजावून सांगावा लागत नाही. प्रवासाची, ओढीची गाणी तिनं या उचलून नेता येणाऱ्या वाद्यावर बांधली. पियानो कुठे नेता येत नाही. त्याच्यापाशी ती बसते ती बहुतेक एकटी पडल्यावर.

'लिटल ग्रीन' गिटारवर आहे. लहानपणी पोलिओ झाल्यानं तिचा डावा हात अधू झाला, म्हणून ती गिटारच्या तारा आपल्या सोयीच्या सुरांत लावून घेते. पहिल्यांदा ऐकताना हे गाणं मला नुसतं अंगाईसारखं वाटलं होतं. १९६५मध्ये तिला मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं, हातात पैसा नव्हता, आणि मुलीला दत्तक द्यावं लागलं. मायलेकींची भेट झाली थेट १९९७मध्ये. हे समजल्यावर कागदपत्रांवर सही करण्याची ओळ येते तिथे मी दर वेळी थबकते. ती मात्र तिथे आवाज चढवत नाही, रडत नाही. गिटार तशीच चालू राहते. याच्यामागून लगेच दुसरं गाणं लावणं मला जमत नाही.

'रिव्हर' नाताळातलं. सुरुवातीला पियानोवर 'जिंगल बेल्स'ची ओळखीची धून येते, पण थोडी कलंडलेली, उदास. जिथे बर्फच पडत नाही अशा हिरव्यागार जागी ही बाई नाताळ काढतेय, आणि तिला हवीय गोठलेली नदी, जिच्यावरून स्केटिंग करत दूर निघून जाता येईल. शेवटी ती धून पुन्हा येते, आधीपेक्षाही काळवंडून. गाणं संपलं असं समजून बंद कराल तर हे हुकेल.

वसंतराव देशपांडे सभागृहात विलंबित ख्याल ऐकताना आपण कधी म्हणतो का, की बुवा, एक राग किती वेळ, आता पुढचा घ्या? तीच सवलत मी या गाण्यांना देते, एवढंच. क्रम मात्र मोडत नाही. 'रिव्हर' सगळ्यांत गाजलेलं, म्हणून तिथून सुरुवात करावी हे मला पटत नाही.

कारण त्याच्यापुढे 'अ केस ऑफ यू' आहे, डल्सिमरवरचं, सोबत जेम्स टेलरची गिटार. माझं सर्वांत आवडतं. तिथे मी सगळ्यांत जास्त रेंगाळले. आणि मग शेवटचं, पुन्हा पियानोवरचं, 'द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड'. प्रेमबिम सगळं फसवं असतं असं तिला सुनावणारा हा रिचर्ड पुढे लग्न करतो, भांडी धुण्याचं यंत्र घेतो, कॉफीचं भांडं घेतो. त्याची बायको कोण? फिगर स्केटर! जिला गोठलेल्या नदीवरून निघून जायचं होतं ती कॅफेच्या अंधारात बसून आहे, आणि बर्फावर घसरणारी बाई कुणाच्या तरी घरी नांदतेय. सगळी गाणी एका दमात ऐकली तेव्हा मधल्या गाण्याच्या गोडव्यात हा धागा माझ्या कानावरून निघून गेला होता.