पलंगापासून पाण्यापर्यंत

रात्रीचे साडेबारा वाजलेत, सुट्टीला अजून आठ महिने आहेत आणि मी एका हॉटेलच्या फोटोतला आरसा झूम करून बघत बसलेय. खोलीकडे बघायचंच नाही, कारण खोलीचा फोटो कोपऱ्याला पाठ टेकून वाइड अँगल लेन्सने काढलेला असतो, त्यात पलंगावर क्रिकेट खेळता येईल असं वाटतं. आरसा बिचारा साधा, समोर जे आहे ते दाखवून मोकळा होतो. या आरशात खिडकी होती आणि खिडकीत शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. खोलीचं नाव काय, तर 'ओशन ब्रीझ डीलक्स'. ब्रीझ येतही असेल म्हणा, टाकीला वळसा घालून.

तसं आमचं मागणं फार नाहीये. गरम हवेचं एखादं बेट, नारळाची झाडं, पोहता येईल असा समुद्र आणि परत आल्यावर सहा महिने हप्ते फेडत बसावं लागणार नाही असं बिल. पहिल्या तीन गोष्टी टाइप केल्या की स्क्रीनभर निळंशार होतं, मग चौथीसाठी 'किंमत कमी ते जास्त' वर क्लिक केलं की तो निळा रंग उडायला लागतो, आधी समुद्र जातो, मग नारळ जातात आणि शेवटी एका खोलीत आठ बंक बेड उरतात.

बरीच वर्षं हे उद्योग करून माझं एक ठाम मत झालंय. बेटावरची हॉटेलं अंतर विकतात, पलंगापासून पाण्यापर्यंतचं. ते जितकं कमी तितके पैसे जास्त, बाकी टीव्ही, एसी, टॉवेलचे हंस वगैरे सगळी वरची सजावट. आणि या अंतराची एक खास भाषा आहे. 'बीचफ्रंट' म्हणजे मध्ये काही नाही, इथे किंमत न बघताच पुढे जायचं. 'सी फेसिंग' म्हणजे इमारतीचं तोंड समुद्राकडे आहे, मध्ये आणखी किती इमारतींची तोंडं तिकडेच आहेत ते विचारायचं नाही. 'गार्डन व्ह्यू' त्यातल्या त्यात प्रामाणिक. 'समुद्रापासून पाच मिनिटं' म्हणजे कशाने पाच मिनिटं ते लिहिलेलं नसतं. आणि 'पार्शियल सी व्ह्यू'बद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही, कारण एकदा आम्ही जादा पैसे मोजून ती खोली घेतली होती आणि समुद्र शोधायला अर्धा तास लागला. तो बाथरूममध्ये होता. कमोडशेजारी टाचा उंच करून उभं राहिलं की झडपेतून दोन पत्र्यांच्या मध्ये एक निळी पट्टी दिसायची, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. नवरा तावातावाने रिसेप्शनला गेला. तिथला मुलगा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "येस सर, पार्शियल." यावर काय बोलणार?

मालदीवचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यासमोर पाण्यावरच्या झोपड्या येतात, म्हणजे अंतर शून्य, पलंगाखालीच समुद्र. ते आपल्यासाठी नाही असं मीही धरून चालले होते. तिथे १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं सरळ हिशोब होता, एक बेट एक रिसॉर्ट, गावकऱ्यांची बेटं वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी. २००९ मध्ये नियम बदलला आणि माणसं राहतात त्या बेटांवरही गेस्टहाऊस काढायला परवानगी मिळाली, आणि मग माफुशीसारखं साधं गाव गेस्टहाऊसांनी भरून गेलं. समुद्र तोच, वाळू तीच, फक्त खिडकीबाहेर गल्ली असते आणि गल्लीत सायकली. गावात दारू मिळत नाही, बिकिनीसाठी वेगळा राखलेला किनारा असतो, आपली त्याला हरकत नसेल तर पैशात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मात्र बिलाच्या तळाशी ग्रीन टॅक्स असतो, २०२५ पासून छोट्या गेस्टहाऊसात माणशी रात्रीला ६ डॉलर आणि रिसॉर्टमध्ये १२, तो धरायला विसरायचं नाही. आणि लांबच्या बेटावरचं रिसॉर्ट स्वस्तात मिळालं म्हणून नाचायचंही नाही, तिथवर सीप्लेनने जावं लागतं, ते अंधारात उडत नाही, म्हणजे आपलं विमान संध्याकाळी उतरलं की एक रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात, आणि त्या रात्रीचे पैसे वेगळे. अंतर शेवटी अंतरच, पलंगाशी वाचवलं की विमानतळाशी भरा.

मग ऑफ सीझन. हा शब्द ऐकला की नवऱ्याचे डोळे चमकतात, त्याला वाटतं पाऊस हा लोकांनी उगीच बाऊ केलेला प्रकार आहे. पण हल्ली मी एक युक्ती शिकलेय, एकाच देशाचे दोन किनारे बघायचे. फुकेतला मे ते ऑक्टोबर मोसमी पाऊस असतो, त्याच थायलंडच्या दुसऱ्या बाजूला सामुईला खरा धिंगाणा ऑक्टोबर ते डिसेंबर. श्रीलंकेत डिसेंबर ते मार्च दक्षिण-पश्चिमेचा किनारा चांगला आणि मे ते सप्टेंबर पूर्वेचा, त्रिंकोमालीकडचा. म्हणजे 'थायलंडला जुलैमध्ये जाऊ नका' असं कुणी ठणकावून सांगितलं की 'कुठल्या बाजूला?' एवढंच विचारायचं, समोरचा गप्प होतो.

बालीचं तर जवळजवळ ठरलंच होतं एकदा, मार्चमधलं. पैसे भरायच्या आदल्या दिवशी कळलं की आमच्या पाच दिवसांतला एक दिवस न्येपीचा आहे, म्हणजे तिथल्या हिंदूंचा मौन पाळून साजरा होणारा नववर्षदिन. त्या दिवशी अख्खं बेट गप्प, विमानतळ चोवीस तास बंद, रस्त्यावर माणूस नाही, रात्री दिवे नाहीत, मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद ठेवतात, आणि पाहुण्यांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं. मला वाटलं नवरा वैतागेल. तो म्हणाला, "अगं मग तोच दिवस धरून पाचही दिवस तसेच मिळतात का बघ ना." बेत मोडलाच, पण त्या माणसाला सुट्टी म्हणजे नेमकं काय हवंय ते मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

माझ्या अंतराच्या थिअरीला सुरुंग लावला तो लेकीने. दहा वर्षांची आहे. आधी तिने कुठूनतरी वाचून मला सांगितलं, "आई, तू ज्या पांढऱ्या वाळूसाठी जास्त पैसे देतेस ना, ती माशाची शी आहे." मी दटावलं तिला, पण बघितलं तर बऱ्याच ठिकाणी खरंच. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्याचा घशात भुगा करतो आणि मागून वाळू सोडतो, मोठा मासा असेल तर वर्षाला शेकडो किलो. आता कुठल्याही जाहिरातीतली बाई वाळूवर डोळे मिटून पडलेली दिसली की मला हसू येतं. पण ते असो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हा फोटो भरतीचा आहे." आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक बीचफ्रंट हॉटेल होतं, पायऱ्यांना पाणी लागलेलं. तिने त्याच जागेचे लोकांनी टाकलेले फोटो उघडून दाखवले, तर पायऱ्यांपुढे ओल्या वाळूचं मैदान, लांबवर बायका समुद्री शेवाळाच्या शेतात काम करतायत आणि पाणी पार तिकडे क्षितिजाशी. साधारण सहा तासांत पाणी चढतं, पुढच्या सहा तासांत उतरतं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर जास्तच. उत्तरेकडे नुंग्वीला हा खेळ बराच कमी असतो, तिथे जवळजवळ कधीही पोहता येतं, आणि हॉटेलवाल्यांनाही ते पक्कं माहीत असतं.

मी गपगार. म्हणजे पहिल्या रांगेतली माणसं ज्या अंतरासाठी दुप्पट पैसे मोजतात ते अंतर अर्धा दिवस जागेवरच नसतं. समुद्र रोज उठून निघून जातो, पैसे मात्र चोवीस तासांचे.

मग मी त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या रांगेत शोधायला लागले आणि एकदम माणसात आल्यासारखे आकडे दिसायला लागले. मार्च ते मेचा मोठा पाऊस टाळला, बाहेरून येणाऱ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून सक्तीचा झालेला ४४ डॉलरचा विमा धरला आणि मग रिव्ह्यू वाचायला बसले. पाच स्टारवाले हनीमूनला आलेले असतात, त्यांना डासही गोड वाटतात. एक स्टारवाल्यांना पाऊस लागलेला असतो. खरं बोलतात ते तीन स्टारवाले. त्यातल्या दोघांनी, एकाने जानेवारीत आणि एकाने ऑगस्टमध्ये, पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्याची तक्रार केली होती, म्हणजे कोंबडा खरा. शॉवरचं पाणी कोमट, हेही दोघांनी लिहिलेलं. पण पंखा चालतो, चादरी स्वच्छ आहेत आणि मालकीणबाई भरती-ओहोटीच्या वेळा रोज पाटीवर लिहून ठेवतात असं तिघांनी लिहिलं होतं. त्या पाटीवर मी भाळले. सॅटेलाइटच्या नकाशावर हॉटेलच्या छपरापासून गल्ली बोटाने चालून बघितली, एक वळण, एक पडकी भिंत, पाच-सहा नारळ, मग पांढरं. पैसे परत मिळतील असा पर्याय थोडा महाग होता, तोच घेतला, आठ महिन्यांत कुणाला ताप येईल कुणाची परीक्षा लागेल काय सांगावं.

बुकिंगचा मेल आला तेव्हा पावणेदोन झाले होते. नवरा कूस बदलून झोपेतच म्हणाला, "किती लांबंय समुद्र?"

"भरतीला चार मिनिटं."

"आणि ओहोटीला?"

"ओहोटीला चप्पल घालून यायचं, खाली काटेरी अर्चिन असतात."