तुम्ही विचारलंत म्हणून: मी ग्रुपवर काही फॉरवर्ड का करत नाही

दिवाळीला माहेरी गेले की वहिनी विचारतेच, "ताई, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं कधीच काही नसतं, रागावलात का कुणावर?" मावशीचं तेच, सोसायटीतल्या मैत्रिणींचंही तेच. साधं गुड मॉर्निंगचं फूल नाही, आरोग्याची टीप नाही, कुणी मनापासून पाठवलेला व्हिडिओसुद्धा मी पुढे ढकलत नाही. दरवेळी मी "वेळच मिळत नाही गं" असं काहीतरी सांगते, पण ते खरं नाहीये, वेळ असतो, फोन तर दिवसभर हातातच असतो. इतक्यांदा विचारलंत म्हणून आता एकदा नीट सांगते.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं, सासर नाशिकचं. २०१८ चा जून चालू होता. मी गिरणीत दळण ठेवून उभी होते आणि मावशीकडून एक व्हिडिओ आला. उंचावरून घेतलेला, सीसीटीव्हीसारखा. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, मागे बसलेला एका लेकराला उचलतो आणि गाडी सुसाट निघून जाते, बाकीची पोरं मागे पळतात, संपलं. खाली मराठीत लिहिलेलं की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरलीय, किडन्या काढतात, लेकरांना एकटं सोडू नका, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्या क्षणी तो खाली क्रिकेटच खेळत होता. पोटात गोळा आला. मी तो व्हिडिओ चार ग्रुपवर टाकला, माहेरच्या, शाळेतल्या पालकांच्या, सोसायटीच्या आणि कॉलेजच्या मैत्रिणींच्या. दळण होऊन डबा हातात यायच्या आत. आणि खरं सांगते, तेव्हा बरं वाटलं होतं, आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटलं होतं.

१ जुलैला रविवार होता. राईनपाड्याचा आठवडे बाजार. साक्री तालुक्यातलं आदिवासी भागातलं छोटं गाव, तिकडचे सोडले तर त्याआधी कुणी नाव ऐकलं नसेल. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे एसटीतून उतरले. बहुतेक सोलापूरकडचे, मंगळवेढा भागातले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, वर्षानुवर्षं हाच त्यांचा क्रम. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे, एवढ्यावरून ओरडा झाला, मुलं पळवणारे आले. बाजाराची गर्दी त्यांच्यावर पडली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं आणि पाचही जण मेले. त्याचेही व्हिडिओ लोकांनी काढले आणि ते पुन्हा फोनवर फिरले. माझ्याकडेही आला, मी उघडला नाही.

त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला अशाच संशयावरून जमावाने घेरलं, त्यांच्याबरोबर दोन वर्षांचं मूल होतं. ते वाचले, कारण तिथल्याच काही माणसांनी त्यांना घरात घेतलं आणि पोलिसांनी जमावातून बाहेर काढलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण राईनपाड्याची बातमी सगळ्यांना माहितीये आणि मालेगावात दार उघडणाऱ्यांची फार कमी लोकांना.

आता त्या व्हिडिओचं. जुलैमध्येच माझ्या भाच्याने मला लॅपटॉपवर तो पूर्ण दाखवला. पूर्ण म्हणजे शेवट असलेला. मोटरसायकल थोडी पुढे जाते, वळते, परत येते, त्या लेकराला खाली उतरवतात आणि दोघातला एक जण कॅमेऱ्यासमोर फलक धरतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा त्यावर मजकूर. ती कराचीतल्या एका संस्थेने बनवलेली जाहिरात होती, हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था, आईबापांनी मुलांकडे लक्ष ठेवावं म्हणून केलेली. म्हणजे कुणाच्या तरी मुलांना वाचवायलाच केलेली फिल्म. कुणीतरी शेवटचे काही सेकंद कापले आणि ती आपल्याकडे आली. मी ते परत आलेलं लेकरू तीनदा बघितलं. फलकाच्या बाजूला पोरगं नुसतं उभं होतं.

आणि मला सगळ्यात जास्त हे लागलं की ती गल्ली अगदी आपल्यासारखी होती. लंडनची गल्ली असती तर मला एका नजरेत कळलं असतं की हे इथलं नाही, पण कराचीतली पोरं आपल्याच पोरांसारखे कपडे घालतात, तसंच क्रिकेट खेळतात, घरंही तशीच, आणि आवाज काढून टाकला की भाषाही राहत नाही. मग खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या की झालं ते धुळ्याचं, तमिळमध्ये लिहिल्या की तमिळनाडूचं. त्याच दिवसांत आपल्याकडे दुसरंही एक फिरत होतं, ओळीने ठेवलेली मेलेली लेकरं, आणि खाली टोळीने किडन्या काढल्या वगैरे. ती लेकरं सीरियातली होती, २०१३ च्या ऑगस्टमध्ये घूता भागात विषारी वायूचा हल्ला झाला त्यात गेलेली. पाच वर्षं झाली होती त्यांना जाऊन. त्यांच्या आईबापांना स्वप्नातही वाटलं नसेल की त्यांच्या लेकरांचे शेवटचे फोटो हजारो किलोमीटरवर कुणा परक्या माणसांच्या जिवावर उठतील.

त्या वर्षी हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. तमिळनाडूत झालं, बंगळुरूत झालं, आसामात दोन तरुण मारले गेले. त्रिपुरात तर सरकारने एका माणसाला गावोगाव लाऊडस्पीकर घेऊन पाठवलं होतं, या अफवा आहेत, विश्वास ठेवू नका हे सांगायला, आणि लोकांनी त्यालाच मारून टाकलं. मी हे वाचलं तेव्हा कळलं की नंतर खरं सांगून भागत नाही. खोटं मावशीकडून येतं, भावाकडून येतं, घरच्या माणसाच्या नावाने येतं आणि खरं सांगणारा गावात पाहुणा असतो.

राईनपाड्यानंतर सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला नोटिसा धाडल्या, कंपनीने पेपरात पानपानभर जाहिराती दिल्या, मेसेजवर फॉरवर्डेड असं दिसायला लागलं आणि त्याच जुलैत भारतापुरता नियम आला की एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल. व्हिडिओच्या शेजारी तो पटकन पाठवायचा बाण असायचा ना, तोही इथे काढून टाकला. २०१९ च्या जानेवारीत पाचची मर्यादा जगभर लागू केली. आज ब्राझीलमधल्या किंवा केनियातल्या माणसाचा फोन सहाव्या चॅटला नाही म्हणतो त्यामागे आपल्या खेड्यापाड्यांतून मारली गेलेली ही माणसं आहेत. फॉरवर्ड साधारण २५ टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीनेच नंतर सांगितलं. म्हणजे सहावं चॅट निवडता येईना एवढ्यानेच चारातला एक मेसेज गेलाच नाही, त्या मेसेजची कुणाला तेवढी गरजच नव्हती.

माझा फॉरवर्ड राईनपाड्यात पोचला का, हे मला कधीच कळणार नाही. मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून मध्ये कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे कुठून निघून कुठे गेला याचा माग मला तरी काढता येणार नाही. पण माहेरच्या ग्रुपवर साक्रीची माणसं आहेत, पिंपळनेरची आहेत, त्यांचे अजून ग्रुप आहेत, आणि पिंपळनेरहून राईनपाडा फार लांब नाही हे मला माहितीये. कुणी म्हणतं, अगं तू एकटीने पाठवला का, लाखोंनी पाठवला. हो, लाखोंनी पाठवला, आणि त्या लाखांत मी होते.

मग फुलाने काय केलंय तुझं, असं वहिनी विचारते. तर सांगते. फूल पाठवणारा अंगठा आणि तो व्हिडिओ पाठवणारा अंगठा एकच आहे गं. सकाळी उठून न बघता दहा फुलं पुढे पाठवली की हाताला तीच सवय लागते, आलं की पाठव, आलं की पाठव, आणि मग एखाद्या दिवशी जे येतं ते फूल नसतं. गिरणीत मी विचार करून चुकले असं झालंच नाही, विचार करायची वेळच आली नाही, हात आधीच पुढे गेलेला. म्हणून मी ती सवयच सोडली. तुमच्या फुलांवर माझा राग नाही. मला बोलायचं असेल तेव्हा मी फोन करते, मावशीला आठवड्यातून दोनदा करते आणि आम्ही अर्धा अर्धा तास बोलतो, कांद्याच्या भावापासून तिच्या गुडघ्यापर्यंत. ती काही भीतीदायक पाठवते तेव्हाही मी ग्रुपवर सगळ्यांसमोर तिला खोटं पाडत नाही, फोन करून विचारते, कुणी पाठवलं तुला, ते कुठलं आहे, पूर्ण बघितलंस का. बहुतेक वेळा ती स्वतःच डिलीट करते.

आणि हे संपलंय असं समजू नका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सांगलीच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरला निघाले होते, रस्ता विचारायला एका मुलापाशी थांबले आणि मुलं पळवणारे म्हणून मार खाल्ला. जीव वाचला एवढंच.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक फोटो आला. गेटजवळ डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई, मागून काढलेला, खाली लिहिलेलं, संशयास्पद महिला, दोन दिवसांपासून फिरतेय, सर्वांनी सतर्क राहा. दहा मिनिटांत सतरा जणांनी अंगठा दाखवला होता, कुणीतरी इतर सोसायट्यांनाही पाठवतो म्हणालं. मी फोटो मोठा करून बघितला, बोचक्यातून स्टीलच्या पातेल्यांच्या कडा दिसत होत्या. चप्पल घालून खाली गेले, तिच्याशी बोलले, पाणी दिलं आणि तिथेच पायरीवर बसून ग्रुपवर लिहिलं, "ही बोहारीण आहे. दर उन्हाळ्यात येते, माझ्याकडची मोठी परात तिच्याकडूनच घेतलीय. ज्यांना जुने कपडे द्यायचेत त्यांनी खाली या, ती पाच वाजेपर्यंत थांबणार आहे." यंदा ग्रुपवर माझं एवढंच आहे, वर जाऊन शोधलंत तर सापडेल.