बावीस अक्षरांवर अडलेली लिंक

मंडळी, मागच्या नोंदीत ‘पर्मालिंकचं काम संपलं’ असं लिहिलं होतं (पर्मालिंक म्हणजे प्रत्येक नोंदीची कायमची लिंक). ते मागे घेतो. पुढच्या चार संध्याकाळी त्यातच गेल्या. पण कारण सापडलं, आणि ब्लॉग चालवणाऱ्या वर्डप्रेसवर देवनागरी मथळे देणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी गाठणारच आहे.

झालं असं की जुन्या साध्या एचटीएमएल पानांवरचा मजकूर वर्डप्रेसमध्ये घेतला. ‘फाउंटन पेनची दुरुस्ती निब बदलणे’ या नोंदीची लिंक ‘फाउंटन-पेनची-दुरुस्ती-नि’ इथेच तुटली. ‘ब’ गेला, ‘बदलणे’ गेलं. पुढची नोंद ‘निब घासणे’ची, तिची लिंकही तशीच, फक्त शेवटी दोनचा आकडा. कुठली लिंक कशाची, काही कळेना.

पहिला संशय लिंकांचे नियम ठेवणाऱ्या सर्व्हरवरच्या फाइलवर, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसवर. सेटिंग्जमध्ये जाऊन पर्मालिंक पुन्हा सेव्ह केले, फरक शून्य. मग सगळी प्लगिनं बंद केली, थीमही मूळची लावली. तरी तेच. तिसऱ्या दिवशी डेटाबेस दाखवणारं साधन, पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं, तर पोस्टच्या टेबलात स्लगचा (मथळ्यावरून बनणाऱ्या लिंकच्या तुकड्याचा) कॉलम २०० अक्षरांचा. वाटलं, सापडला चोर! बॅकअप घेऊन कॉलम १००० चा केला, नवी नोंद टाकली. लिंक तिथेच तुटली.

शेवटी त्याच कॉलममधली एक ओळ नीट वाचली. तिथे मराठी नव्हतंच, टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होती. मग उलगडा झाला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या संगणकाच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. २०० ला ९ ने भागा, फार तर २२ चिन्हं बसतात. मात्रा वेगळी मोजायची, हलंतही वेगळा. ‘दुरुस्ती’तला ‘स्ती’ एकटाच चार चिन्हांचा, ३६ जागांचा! मधल्या तीन रेघांची एकेक जागा धरून ‘नि’पर्यंत १९२ भरतात, ‘ब’ घेतला की २०१. एका जागेने हुकला बिचारा. आणि ही २०० ची मर्यादा डेटाबेसच्या आधी, मथळ्याचा स्लग बनवणाऱ्या फंक्शनमध्येच लिहिलेली आहे, म्हणून कॉलम वाढवून काही झालं नाही. कॉलम पूर्ववत केला आहे.

उपाय म्हणून आधी लिप्यंतर करणारं एक प्लगिन लावून पाहिलं. त्याला ‘न’ आणि ‘ण’ सारखेच, ‘ल’ आणि ‘ळ’ही. काढून टाकलं. माझं मत पक्कं झालंय: मथळा मराठीत, स्लग रोमन, आखूड आणि हाताने लिहिलेला.

पण खरा आनंद पुढे आहे. पहिला स्लग बदलला आणि भीत भीत जुनी तुटकी लिंक ब्राउझरमध्ये टाकली. ती थेट नव्या पत्त्यावर गेली! प्रकाशित नोंदीचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना स्लग जपून ठेवतं आणि ३०१ ने (‘पत्ता कायमचा बदलला’ या संकेताने) पुढे पाठवतं. रीडायरेक्टसाठी वेगळं प्लगिन घ्यायचं मनात होतं, ते वाचलं. मात्र बदल डेटाबेसमध्ये थेट केला तर जुना स्लग असा जपला जात नाही, तेवढं सांभाळा.

साठेक नोंदी रोज दहा अशा क्विक एडिटमधून बदलायच्या, असं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिताच सुचलं की डब्ल्यूपी-सीएलआयचं (कमांड देऊन वर्डप्रेस चालवायच्या साधनाचं) ‘पोस्ट अपडेट’ वर्डप्रेसच्या नेहमीच्या वाटेनेच जातं, म्हणजे जुने स्लग तिथेही जपले जायला हवेत. मधेच उठून तीन नोंदींवर करून पाहिलं; तिन्ही जुन्या लिंका बरोबर पोचल्या. तेव्हा बेत बदलला. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात आयडी, दुसऱ्यात नवा स्लग, तिसऱ्यात सूत्राने तयार झालेली कमांड, आणि सगळं एका दमात चालवायचं. होस्टिंग घेताना एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) आहे का हे आधी विचारा म्हणतो ते याचसाठी. माझ्या आधीच्या होस्टकडे ते नव्हतं, आणि सपोर्टचं उत्तर दर वेळी ‘बॅकअप रिस्टोअर करा’ एवढंच.

चाइल्ड थीमचं (मूळ थीमवर बेतलेल्या स्वतःच्या थीमचं) काम त्यामुळे पुढे ढकललंय. आज रात्री स्लगची यादी लिहायला बसतोय, एकवीस झालेत.